बंब येईपर्यंत

सांगलीत पावसाळ्यात कोणत्याही रिक्षावाल्याला विचारा, आयर्विन पुलापाशी पाणी किती आहे, तो फुटांत सांगेल. ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका हे इथं कुणाला शाळेत शिकवावं लागत नाही. कितव्या फुटाला कोणत्या गल्लीत पाणी शिरतं, दुकानातला माल कधी वर चढवायचा, जनावरं कुठं न्यायची, आजीला कुणाच्या घरी पोचवायचं, हे घरोघरी ठरलेलं असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा हे शहाणपणही तोकडं पडलं, ती गोष्ट वेगळी. वर कराड-पाटणकडं कोयना धरणातून किती क्युसेक सोडले याची चौकशी चहाच्या टपरीवर चालते. पुराचं ज्ञान सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांत असं मुरलेलं आहे, कारण कृष्णा जवळजवळ दरवर्षी त्याची परीक्षा घेते.

आगीचं तसं नाही. रुग्णालयात काम करणाऱ्या बहुतेकांच्या उभ्या नोकरीत मोठी आग एकदाही लागत नाही. लागली तर ती पाण्यासारखी इंचाइंचानं चढत नाही. अतिदक्षता विभागात पहिली ठिणगी आणि डोळ्यांना काही दिसेनासं होणं यांत मोजकी मिनिटं असतात. अनुभवातून येणारं शहाणपण इथं येऊच शकत नाही, ते मुद्दाम घडवावं लागतं. ते कुणी घडवायचं आणि घडलं नाही तर जाब कुणाला विचारायचा, यावर आपल्याकडं फारसं बोललं जात नाही. आग लागल्यावर मात्र जाब विचारला जातो, आणि तो बहुधा रात्रपाळीच्या सिस्टरला.

सातारा-सांगलीसाठी हा प्रश्न लांबचा नाही. आजच्या सांगली जिल्ह्याचं नाव १९६० पर्यंत ‘दक्षिण सातारा’ होतं, आणि वैद्यकीय उपचारांच्या बाबतीत हा सगळा पट्टा अजूनही एकच आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशन हॉस्पिटल उभं केलं, १९६२ मध्ये तिथं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं, आणि मिरज हे अथणी-चिकोडीपासून जत-आटपाडीपर्यंतच्या रुग्णांचं गाव झालं. कराडला कृष्णा हॉस्पिटल, साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाचं जिल्हा रुग्णालय, सांगलीत वसंतदादांच्या नावाचं सिव्हिल. यांच्याभोवती शेकडो छोटी रुग्णालयं: कुणाच्या बंगल्यात, कुणाची व्यापारी संकुलाच्या दुसऱ्या मजल्यावर, खाली मेडिकल, वर ऑपरेशन थिएटर आणि त्याच्यावर डॉक्टरांचं घर. महाराष्ट्रात ज्या रुग्णालयांना आग लागली ती यांहून फार वेगळी नव्हती.

२०२१ हे वर्ष आठवून पाहावं. ९ जानेवारीच्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. मार्चच्या अखेरीस भांडुपमध्ये एका मॉलच्या वरच्या मजल्यावरचं कोविड रुग्णालय जळालं. ९ एप्रिलला नागपूरजवळ वाडीत एका रुग्णालयाला आग लागली. २३ एप्रिलच्या पहाटे विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात तेच झालं आणि त्या दिवशीच १३ रुग्ण गेले. पाच दिवसांनी मुंब्रा. त्यानंतर ६ नोव्हेंबरला, भाऊबीजेच्या सकाळी, अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातला कोविड अतिदक्षता विभाग पेटला. आत १७ रुग्ण होते, त्यांतले ११ त्या दिवशी दगावले. भंडाऱ्यानंतर राज्यातल्या सगळ्या रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी करण्याचे आदेश निघाले होते. त्याच्याही आधी, राजकोटच्या रुग्णालयातल्या आगीनंतर, सर्वोच्च न्यायालयानं १८ डिसेंबर २०२० रोजी प्रत्येक जिल्ह्यात समिती नेमून रुग्णालयांची अग्नितपासणी करायला सांगितलं होतं. म्हणजे नगरची आग लागली तेव्हा आदेशांची कमतरता नव्हती.

भंडाऱ्यातला एक तपशील जास्त बोलतो. दहा बाळांपैकी तीन भाजून गेली आणि सात धुरानं गुदमरून, असं त्यावेळच्या आरोग्यमंत्र्यांनीच सांगितलं. शेजारच्या विभागातली सात बाळं बाहेर काढता आली. रुग्णालयातल्या आगीत माणसं जळून मरण्यापेक्षा धुरानं जास्त मरतात, हे अग्निशमन दलातला नवा जवानही सांगेल. गादीतला फोम, वायरींचं आवरण, प्लॅस्टिकच्या नळ्या, एसीचं आतलं अंग, हे जळताना कार्बन मोनॉक्साईड आणि सायनाईडसारखे वायू सोडतं. गरम धूर आधी छताशी साठतो आणि मग खाली उतरत येतो. वाकून, रांगत बाहेर पडा हा उपदेश चालत्या-फिरत्या माणसाला ठीक आहे. पलंगावर तीन फूट उंचीवर, नाकात नळी घेऊन झोपलेल्या माणसाला तो काय कामाचा? त्याच्यासाठी रांगायचं काम दुसऱ्या कुणाला तरी करावं लागतं.

नगरच्या आगीनंतर तीन दिवसांत एक महिला वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिकांना अटक झाली. त्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांसह काहींचं निलंबन झालं होतं, काही परिचारिकांची सेवा संपवली होती. परिचारिकांच्या संघटना रस्त्यावर आल्या. भंडाऱ्यातही निलंबन झालं, कंत्राटी परिचारिका कामावरून गेल्या, पुढं गुन्हेही नोंदले गेले. मी इथं कुणाची वकिली करत नाही. ज्यांची माणसं गेली त्यांना ‘त्या वेळी तिथं कोण होतं’ हे विचारायचा पूर्ण अधिकार आहे, आणि कुणी जागा सोडून गेलं असेल तर त्याचा हिशेब व्हायलाच हवा. पण आग लागल्यावर नेमकं काय करायचं हे त्या कक्षातल्या त्या पाळीला कधी, कुणी, कसं शिकवलं होतं, हा प्रश्न अटकेच्या बातम्यांमध्ये मला कुठं ठळक दिसला नाही. शिकवल्याचा पुरावा नसताना न आल्याची शिक्षा देता येते का? कायद्याच्या भाषेत कदाचित देता येत असेल. व्यवस्था म्हणून त्यातून पुढच्या आगीत एकही जीव वाचत नाही, एवढं नक्की.

आता ज्ञान म्हणजे काय समजायचं ते पाहू. नर्सिंगच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात या विषयावर प्रबंध होतात आणि त्यांचा साचा ठरलेला असतो. आधी प्रश्नावली, मग एक नियोजित व्याख्यान किंवा माहितीपुस्तिका, मग सात दिवसांनी तीच प्रश्नावली. आगीचे प्रकार किती, विजेच्या आगीवर पाणी का मारू नये, आग विझवायच्या यंत्राची पिन कधी काढायची, ‘रेस’ आणि ‘पास’ या सूत्रांतली अक्षरं कशाची. सात दिवसांनी गुण वाढतात. ते वाढणारच, शिकवलेलं आठवड्यानं विचारलं तर चौथीतल्या मुलाचेही वाढतात. या अभ्यासांना मी हसत नाही, कारण निदान कुणीतरी प्रश्न विचारतो आहे आणि कर्मचाऱ्यांना काय ठाऊक नाही याची नोंद तरी होते. पण हे एकेकट्या माणसाचं, टेबलाशी बसून, दिवसाउजेडी मोजलेलं ज्ञान आहे. आग विझवायला किंवा रुग्ण हलवायला एकटी सिस्टर उपयोगाची नसते. एक जण ओरडतो, दुसरा फोन करतो, तिसरा ऑक्सिजन बघतो, चौथा दार धरतो. हे ज्ञान पाळीचं असतं, आणि पाळीतली माणसं रोज बदलतात. सहा सिस्टरांपैकी प्रत्येकीला वीसपैकी अठरा गुण असतील आणि तरी त्या रात्री पाळीवर आलेल्या तिघींनी आपसांत कधीच काही ठरवलेलं नसेल. प्रश्नावलीत ही पोकळी दिसत नाही.

दुसरा प्रकार प्रात्यक्षिकाचा. १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे कितीतरी जवान गेले, त्यांच्या स्मरणार्थ तो आठवडा पाळतात. (त्याच दिवशी आंबेडकर जयंतीची सुट्टी असल्यानं रुग्णालयांतले कार्यक्रम एक-दोन दिवस पुढं सरकतात.) पार्किंगच्या मोकळ्या जागेत एका ट्रेमध्ये डिझेल पेटवतात, जवान ते विझवून दाखवतात, मग दोन-तीन सिस्टर पुढं होऊन लाल सिलिंडर हातात घेतात, टाळ्या पडतात, फोटो निघतो. बॅनरवर पाहुण्यांची नावं असतात. यात वाईट काही नाही. ज्यानं आयुष्यात सिलिंडर उचललेला नाही त्याला तो किती जड असतो हे कळतं, पिन ओढायला जोर लागतो हे कळतं. पण उन्हात, वाऱ्यावर, सकाळी अकरा वाजता लावलेली आग आणि बंद एसीच्या खोलीतली आग यांचं नातं नावापुरतं आहे. पावडरचा सिलिंडर जेमतेम दहा-वीस सेकंद चालतो आणि बंद खोलीत मारला की समोरचं दिसत नाही, हे ट्रेसमोर उभं राहून उमगत नाही. कार्बन डायऑक्साईडच्या सिलिंडरचं नळकांडं हाताला चिकटेल इतकं गार होतं, तेही नाही. आणि सिलिंडरनं विझेल एवढीच आग आहे का, की आता तो टाकून रुग्णांकडं पळायचं, हा निर्णय तर प्रात्यक्षिकात कुणालाच घ्यावा लागत नाही.

खरा अवघड निर्णय भिंतीवरच्या एका काचेच्या पेटीत असतो. मध्यवर्ती ऑक्सिजन असलेल्या प्रत्येक अतिदक्षता विभागाबाहेर त्या विभागाचा पुरवठा बंद करायचा व्हॉल्व्ह असायला हवा. हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के असतो. तो थोडासा वाढला तरी जी चादर धुमसत राहिली असती ती भडकून पेटते. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण जळणाऱ्याला असा काही हात देतो की हिशेब कोलमडतात. कोविडच्या काळात एकेका रुग्णाला मिनिटाला ५०-६० लिटर प्रवाह दिला जात होता, खिडक्या बंद होत्या, गाद्या-उशांमध्ये तो मुरत होता. विरार जळालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी बगदादच्या इब्न अल-खतीब रुग्णालयात ऑक्सिजनच्या सिलिंडरांनी भडकलेल्या आगीत ८० हून अधिक माणसं गेली. तेव्हा सूत्र सांगतं, आग लागली की व्हॉल्व्ह बंद करा. पण त्या व्हॉल्व्हच्या पलीकडं व्हेंटिलेटरवर पाच माणसं आहेत. तो फिरवला की त्यांचा श्वास तुम्ही थांबवता.

हे रात्री अडीच वाजता कुणी ठरवायचं? अनेक ठिकाणी याचं उत्तर ‘सरांना फोन लावा’ असं आहे. सर घरी झोपलेले असतात. उत्तर तयार असायला हवं ते असं: व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येक पलंगाशी हातानं दाबायची अंबू बॅग आहे, बाहेर न्यायला छोटे भरलेले सिलिंडर आहेत, ‘बॅग घेतली’ असा आवाज प्रत्येक पलंगावरून आला की व्हॉल्व्ह बंद होईल, आणि तो बंद करायचा अधिकार त्या पाळीच्या प्रमुख सिस्टरला लेखी दिलेला आहे. धुरानं तेवढी सवड दिली नाही तर आवाज न येताही तो फिरवायचा, आणि त्याबद्दल तिला नंतर कुणी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणार नाही. ही शेवटची हमी नसेल तर बाकीचं प्रशिक्षण वाया जातं. व्हॉल्व्ह कुठं आहे हे तिला ठाऊक असतं. फिरवण्याचा अधिकार आपल्याला आहे, याची खात्री तिला नसते.

तसाच दुसरा पेच रुग्णांच्या क्रमाचा. परिचारिकेला आणि डॉक्टरला पहिल्या वर्षापासून एकच शिकवलेलं असतं: जो सर्वात अत्यवस्थ, त्याच्याकडं आधी धाव. आगीत हे उलटं होतं. आगीच्या अगदी जवळचे आधी, मग चालता येणारे, मग चाकाच्या खुर्चीवर जाऊ शकणारे, आणि पूर्ण अंथरुणाला खिळलेले शेवटी. कारण एका अंथरुणावरच्या माणसाला काढायला चार जण आणि पाच मिनिटं लागली तर तेवढ्यात दहा चालते बाहेर पडले असते. हे गणित कागदावर सोपं दिसतं. ज्या रुग्णाला आपण बारा दिवस जपलं त्याला पाठीमागं टाकून समोरच्याला ‘तुम्ही चला’ म्हणणं सोपं नाही, आणि ज्यानं ते आधी एकदाही मनात आणलेलं नाही त्याला ते आयत्या वेळी जमणार नाही. वैद्यकीय महाविद्यालयांतल्या नीतिशास्त्राच्या तासाला हा प्रश्न घ्यायला काय हरकत आहे? तिथं परदेशी पाठ्यपुस्तकांतली उदाहरणं चालतात, विरारचं चालत नाही.

रुग्ण न्यायचे कुठं, हेही बहुतेकांना चुकीचं ठाऊक असतं. विचारलं तर ‘जिन्यानं खाली’ असं उत्तर येतं. राष्ट्रीय बांधकाम संहिता आणि जगभरातली पद्धत सांगते की रुग्णालयात आधी आडवं सरकायचं, त्याच मजल्यावर आगीला अडवणाऱ्या दारापलीकडच्या भागात, आणि तिथंही धोका वाढला तरच खाली. पलंग सरळ ढकलता येतो, जिन्यावरून उतरवता येत नाही. त्यासाठी ते दार हवं आणि ते बंद होणारं हवं. अमेरिकेत हार्टफर्डच्या रुग्णालयात ८ डिसेंबर १९६१ रोजी कचऱ्याच्या नळकांड्यातून आग नवव्या मजल्यावर आली आणि १६ जण गेले; ज्या खोल्यांची दारं बंद होती तिथले वाचले. त्या आगीनंतर तिकडचे नियम बदलले. मला त्यातली स्वस्ताई महत्त्वाची वाटते. दार ओढून घेणं याला निधी, निविदा, मंजुरी काही लागत नाही. आपल्याकडं मात्र अशी दारं वारा यावा, ट्रॉली अडकू नये म्हणून विटेनं किंवा दोरीनं उघडी बांधून ठेवलेली दिसतात. सिस्टरला ते दार का आहे हे सांगितलेलं नसतं, तिला ते फक्त अडचण वाटतं.

आणि मागच्या जिन्याचं कुलूप. त्यावर नेहमी संताप व्यक्त होतो, पण ते कुलूप कुणी मूर्खपणानं लावलेलं नसतं. प्रसूती विभागातून बाळ पळवल्याच्या बातम्या येतात, औषधं-पितळी नळ जातात, रात्री दारू पिऊन नातेवाईक वर चढतात. सुरक्षा अधिकाऱ्याच्या दृष्टीनं कुलूप हीच सुरक्षा असते. त्याला कुलूप काढायला सांगून भागत नाही. आतून ढकलताच उघडेल आणि बाहेरून उघडणार नाही अशी कडी मिळते, ती बसवून द्यावी लागते. तोवर किल्ली कुणाकडं, हा प्रश्न उरतो. किल्ली वॉचमनकडं असते, वॉचमन खाली गेटवर असतो, आणि तो परवाच एजन्सीनं दुसरीकडून बदलून पाठवलेला असतो.

इथं ‘रुग्णालयाचे कर्मचारी’ म्हणजे कोण, हे नीट पाहायला हवं. प्रशिक्षणाच्या यादीत डॉक्टर आणि नोंदणीकृत परिचारिका असतात, कारण प्रमाणपत्राचा उपयोग त्यांना असतो आणि मानांकनाच्या तपासणीत त्यांनाच विचारतात. रात्री दोन वाजता वॉर्डात कोण असतं? एक किंवा दोन सिस्टर, एखादी शिकाऊ मुलगी, वॉर्डातल्या मावशी, एक मामा, खाली वॉचमन, लिफ्टवाला असला तर असला. यांतले निम्म्याहून अधिक कंत्राटी. मामा-मावशींना चादरीत रुग्ण गुंडाळून ओढत कसं न्यायचं हे दाखवलं, तर त्यांच्या हातात जेवढं बळ आणि सराव आहे तेवढा कुणाकडंच नाही; रोज तेच तर उचलतात. विजेची मुख्य कळ कुठं आहे हे मामांना ठाऊक असतं, डॉक्टरांना नसतं. पण एजन्सीचा करार बदलला की माणसं बदलतात आणि आधीच्या माणसांना जे ठाऊक होतं ते त्यांच्यासोबत गेटबाहेर जातं. नव्या माणसाला पहिल्या दिवशी झाडूची जागा दाखवतात, व्हॉल्व्हची दाखवत नाहीत.

नातेवाईकांना तर कुणी हिशेबातच धरत नाही. आपल्या सरकारी रुग्णालयात रात्री रुग्णांइतकेच नातेवाईक असतात, पलंगाखाली, व्हरांड्यात, जिन्यात. जळका वास पहिल्यांदा त्यांनाच येतो. ‘सिस्टर, कसलातरी वास येतोय’ असं कुणीतरी म्हणतो आणि ‘एसीचा असेल’ असं उत्तर मिळतं. त्या उत्तरातली सिस्टर बेफिकीर असते असं नाही. तिनं आधी तीन वेळा तक्रार वहीत लिहिलेलं असतं, इलेक्ट्रिशियन ‘बघतो’ म्हणून गेलेला असतो, आणि उगाच बोभाटा केला तर सकाळी बोलणी बसतात हे ती शिकलेली असते. कोलकात्याच्या आमरी रुग्णालयात ९ डिसेंबर २०११ च्या पहाटे तळघरात साठवलेल्या सामानानं पेट घेतला, धूर वरच्या मजल्यांवर भरला आणि नव्वदच्या आसपास माणसं गेली. शेजारच्या वस्तीतली पोरं मदतीला धावली तेव्हा त्यांना गेटवरून परत पाठवल्याचं आणि अग्निशमन दलाला उशिरा कळवल्याचं तेव्हा सर्वत्र छापून आलं. केरळच्या दोन परिचारिका तिथं रुग्णांना बाहेर काढताना गेल्या. एकाच इमारतीत एकीकडं ते धैर्य आणि दुसरीकडं आपलं झाकून ठेवण्याची ती सवय. ओरडायची मुभा असणं, हाही अग्निसुरक्षेच्या ज्ञानाचाच भाग आहे, आणि तो व्याख्यानातून येत नाही. वरिष्ठांनी खोट्या धोक्याच्या वेळी काय केलं यावरून तो येतो.

अंतराचा विचार करता तालुक्याच्या रुग्णालयांची गरज शहरापेक्षा मोठी आहे. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेचा बंब शहरात काही मिनिटांत पोचेल. जतच्या पूर्व भागात, पाटणच्या डोंगरातल्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयात, पावसाळ्यात धुक्यातल्या महाबळेश्वरात किंवा ढेबेवाडीच्या खोऱ्यात बंब म्हणजे लांबची गोष्ट. या भागात आग लागली की नगरपालिकेच्या बरोबरीनं साखर कारखान्याच्या बंबाला फोन जातो, ही आपल्या सहकाराची एक न गायलेली बाजू. पण तो ऊस, गंजी, दुकान विझवायला वेळेत येईल. अतिदक्षता विभागातल्या पहिल्या पाच मिनिटांत येणार नाही. तिथं बंब येईपर्यंत जे करायचं ते पाळीवरच्या चार माणसांनीच. तरी प्रशिक्षणं होतात ती कराड-मिरजेच्या सभागृहांत, आणि जतहून त्यासाठी येते ती ज्या दिवशी पाळी नाही अशी एखादी सिस्टर.

छोट्या रुग्णालयांचे डॉक्टर म्हणतात, आम्ही आधीच कागदांखाली दबलो आहोत. त्यात तथ्य आहे. महाराष्ट्राचा २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा जबाबदारी मालकावर आणि भोगवटादारावर टाकतो, आणि दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा चालू असल्याचं ‘ब’ नमुन्यातलं प्रमाणपत्र मागतो. ते प्रमाणपत्र पंपाबद्दल, पाइपबद्दल, सिलिंडरबद्दल बोलतं. त्या पंपाचं बटण कोण दाबणार याबद्दल ते गप्प आहे. यंत्रं विकणारा आणि ती चालू असल्याचं लिहून देणारा एकच असेल तर काय होतं, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. पंधरा खाटांच्या रुग्णालयाला जुन्या बंगल्यात दुसरा जिना बांधायला सांगणं म्हणजे बंद कर म्हणणं, हेही खरं. पण त्याच डॉक्टरला त्याच्या सहा माणसांनी महिन्यातून एका रात्री दहा मिनिटं काय करायचं ते बोलून घ्यावं, असं म्हटलं तर त्याला खर्चाची सबब उरत नाही.

इथं मला स्वतःच्याच युक्तिवादाची भीती वाटते. कर्मचाऱ्यांना शिकवा हे म्हणणं सरकारला फार सोयीचं पडतं. पाण्याचे फवारे, धूर ओळखणारी यंत्रणा, नवी वायरिंग यांना कोटी लागतात. व्याख्यानाला चहा-बिस्किटं पुरतात. उद्या प्रत्येक परिचारिकेकडून ‘मला अग्निसुरक्षेचं प्रशिक्षण मिळालं आहे’ अशी सही घेतली जाईल आणि पुढच्या आगीनंतर ती सही न्यायालयात तिच्याविरुद्धचा पहिला कागद म्हणून येईल. असं ज्ञान नको. म्हणून मोजमाप माणसाचं न करता कक्षाचं करायला हवं: अमुक वॉर्ड, रात्रीची पाळी, अमुक तारीख, कुणाला न कळवता घेतलेली चाचणी, दार उघडायला किती वेळ, व्हॉल्व्हपाशी कोण पोचलं, पहिला फोन किती मिनिटांनी गेला. निष्कर्ष संस्थेच्या नावावर लागेल, कुणा सिस्टरच्या सेवापुस्तकात नाही. आणि चाचणीत फसलेल्या पाळीला नोटीस मिळणार नाही, कारण एकदा नोटीस मिळाली की पुढच्या सगळ्या चाचण्या कागदावर यशस्वी होतील.

रुग्णांना घाबरवल्याशिवाय अशी चाचणी कशी घ्यायची, असं विचारतात. ऑपरेशन थिएटर आणि अतिदक्षता विभाग निर्जंतुक करण्यासाठी किंवा दुरुस्तीसाठी अधूनमधून रिकामे केले जातातच. रुग्ण शेजारच्या कक्षात हलवले जातात, ऑक्सिजनची सोय केली जाते, पलंग ढकलले जातात. म्हणजे सरकण्याचा अर्धा सराव आपण करतोच आहोत, फक्त घड्याळ लावत नाही आणि आगीचा विचार मनात नसतो. त्याच दिवशी एका रिकाम्या पलंगावर साठ किलोचं पोतं ठेवून ते चादरीनं ओढत दारापलीकडं न्यायचं, मामा-मावशी-वॉचमनसह. नवजात कक्षात दोन सिस्टरांनी किती बाहुल्या एका फेरीत नेता येतात ते पाहायचं. परदेशात यासाठी खिसे शिवलेले एप्रन वापरतात, आपल्याकडं कोणताही शिंपी ते अर्ध्या दिवसात शिवून देईल. पाळी बदलताना रुग्णांची माहिती देतात तेव्हा आणखी एक वाक्य बोलायचं: आज व्हॉल्व्ह कोणाकडं, किल्ली कोणाकडं, फोन कोण करणार. नोंदवहीत त्यासाठी एक रकाना वाढवायचा. रकाना वाढवायला कुणाची मंजुरी लागत नाही, पण त्याच्याखाली सही कुणाची हे ठरवावं लागेल. ती पाळीवरच्या सिस्टरची असेल तर हा कागद पुन्हा तिच्याच गळ्यात पडेल. जिल्हा शल्यचिकित्सकांची किंवा रुग्णालयाच्या मालकाची असेल, तरच मागच्या जिन्याची कडी बदलण्याच्या अर्जावर कुणीतरी पैसे टाकेल.